पुलावरचा मानशेकार

बाबा,

पुलावर तुझं चित्र काढलंय. हे तुला कोणीतरी सांगायला हवं आणि घरात माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, म्हणून मीच लिहायला बसले. पूल तू पाहिलाच नाहीस. त्याची मापं घ्यायला साहेब आले होते तेवढे पाहिलेस, आणि 'हे नुसते मापतत' म्हणून परत आपल्या कामाला लागलास. तू गेल्यावर सात-आठ वर्षांनी तो खरंच झाला. आपला लाकडी साकव होता तिथेच, पण त्याच्या चौपट रुंद, आणि आता त्यावरून दिवसभर हरमलच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या भाड्याच्या स्कूटर धावतात. मागे बसलेली माणसं हात पसरून वारा अंगावर घेतात. तू असतास तर तोंडातली विडी काढून एवढंच म्हणाला असतास, 'पडतले.' पडतातही अधूनमधून, पूल उतरताना आपल्या बाजूला वळण आहे तिथे. पणजीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी कोल्हापूरकडची बाई आपल्या वडिलांबद्दल बोलताना कायम अहो-जाहो करायची. मला ऐकायला छान वाटायचं. पण आपल्याकडे बापाला तूच, तेव्हा पत्रातही तूच चालवून घे.

चित्र काढलं ते वाड्यावरच्या तरुणांच्या मंडळाने. शिगमो आटोपला आणि त्यांना वाटलं की पुलाचे कठडे शेवाळून काळे पडलेत, त्यांच्यावर सबंध गाव रंगवावा. यात पुढारी म्हणजे शेजारची मुलगी. तू गेलास तेव्हा तिची आईसुद्धा लग्न होऊन आली नव्हती, आणि आता ही पणजीला चित्रकला शिकून परत आली आहे, केस आखूड, बोटांना कायम रंग. शाळेतल्या मुलांना कठड्याचा खालचा पट्टा दिला. त्यांनी मासे काढले, निळे, पिवळे, एक तर चक्क जांभळा, आपल्या खाडीने जन्मात पाहिला नसेल असा. वरच्या पट्ट्यात भाताची लावणी करणाऱ्या बायका, दशावतारातला राजा, सायकलवरून पाव आणणारा पोदेर. पूल संपतो तिथे टेकडी कापून उंच भिंत घातली आहे, खाली बसायला कट्टा आहे. ती भिंत तुला मिळाली, पण तो तू हे ठाऊक फक्त त्या मुलीला आणि मला. मंडळाच्या बैठकीत नावांवरून मोठी खडाजंगी झाली. पोदेराचं नाव घालायचं तर राजाचं का नको, राजाचं घालायचं तर लावणीतल्या बायकांनी काय घोडं मारलंय? शेवटी ठरलं की नाव कोणाचंच नको. गाव मोठा शहाणा झालाय, भांडण टाळायचं तर सगळ्यांनाच बिननावाचं करायचं.

तुझा फोटो तिने माझ्याकडून नेला. घरात तुझा एकच फोटो आहे हे तुला ठाऊकच असेल, तो मापं घेणाऱ्या साहेबाने काढलेला आणि पुढे आठवणीने टपालाने पाठवलेला. मानशीच्या बांधावर तू उभा, डोक्यावरून घोंगडी, हातात काठी, पायात जाड वहाणा, पायाशी कंदील. आजच्या मुलांना मानस म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. मी त्या मुलीला सांगितलं, की खाडीचं खारं पाणी भरतीला शेतात शिरू नये आणि पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून बांधात लाकडी फळ्यांचं दार असतं, आणि त्या फळ्या वेळेवर घालणारा-काढणारा तो मानशेकार, भरती रात्री दोनला आली तर रात्री दोनला जाणारा. ती म्हणाली, "म्हणजे सगळो गांव ह्या एका माणसार जेवतालो?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग ती भिंतीवर चढली. बांबूची परांची बांधली होती, मी रोज चहा आणि उंडे पाव घेऊन जायचे आणि कट्ट्यावर बसून पाहायचे. घोंगडी झाली, काठी झाली, वहाणा तर अशा झाल्या की वाटावं आत्ता करकरतील. चौथ्या दिवशी तिने वरून विचारलं, "मावशी, फोटोत तोंड दिसणा नाय, घोंगडेची सावळी आसा. दोळे कशे होते तेंचे?" मी तोंड उघडलं, बाबा, आणि मला सांगता येईना. तीस वर्षं मी तुझ्या घरात राहिले, तुला जेवायला वाढलं, शेवटच्या आजारात तुझं तोंड पुसलं. तुझे पाय आठवतात, टाचांच्या भेगांत चिखल वाळलेला. पाठ आठवते. हात आठवतात. डोळे नाही. मी म्हटलं, "होते, सगळ्यांचे असतात तसे." ती म्हणाली, "मग सावळीच ठेवतंय. बरी दिसतली." तिने तुझ्या तोंडावर काळोखी सावली भरली. मी रिकामे पेले उचलून घरी आले आणि दुपारी जेवले नाही.

घरी बसून हिशेब लावला, की आठवणार कसे? तू मला कायम पाठमोरा दिसलास. पणजीला नोकरी लागल्यावर सातची बस मला पलीकडच्या तिठ्यावर सोडायची. पहिल्याच पगाराआधी तू माझ्या हातात नवी कोरी बॅटरी ठेवलीस, कागदातून काढलेली, सेलसकट. तेव्हा मानशेकाराला बॅटरी म्हणजे चैनच, आणि तू स्वतः कंदीलच वापरत राहिलास. फोटोत कंदील आहे तो म्हणून. तरी तिठ्यावर न्यायला यायचासच. मी बसमधून उतरले की तू वळायचास आणि दहा पावलं पुढे चालू लागायचास. मागे मी, बॅटरी पेटवून. साकव, बांध, घर. ना 'जेवलंस?' ना 'दमलंस?' आई गेल्यानंतरची सगळी वर्षं आपण दोघं असेच चालत घरी आलो, मुक्यानेच.

साखळी गावाचं स्थळ आलं होतं ते आठवतंय? मुलगा खाणीच्या ऑफिसात, माणसं साधी, सोप्यावर बसून त्यांनी आपल्या काजूच्या बोंडांचं केवढं कौतुक केलं होतं. ते गेल्यावर मी चुलीपाशी उभी राहून वाट पाहिली, की तू काही म्हणशील. तू पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास, खाली ठेवलास आणि म्हणालास, "तुका जाय तशां कर." मी त्याचा अर्थ 'जाऊ नकोस' असा लावला. कदाचित तुला फक्त तेवढंच म्हणायचं असेल, की तुला हवं तसं कर. विचारायला हवं होतं. मीही तुझीच मुलगी, मूग गिळून बसले. त्याचं खापर तुझ्यावर फोडत मी बरीच वर्षं काढली, हे आता लिहून टाकते.

तर चित्र. वैशाखात तुझी तीथ आली. मुलगा नाही, पुतण्या दुबईत, भटाला बोलावून मी एकटीने काय करायचं? म्हणून संध्याकाळी पुलावर गेले आणि तुझ्या पायाखालच्या कट्ट्यावर एक विडी ठेवली. विडी घ्यायला दुकानात गेले तेव्हा पुलाकडचा म्हातारा दुकानदार चष्म्यावरून माझ्याकडे पाहतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर कट्ट्यावर दोन विड्या. चार दिवसांनी मेणबत्ती. मग जास्वंदीची फुलं. पंधरवड्याने तांदळाचा रोट, केळीच्या पानावर, शेजारी सुरोची, म्हणजे गावठी दारूची, इवलीशी बाटली.

मला उलगडायला वेळ लागला आणि उलगडल्यावर हसू आलं. साकवाच्या तोंडाशी गावाची वेस राखणाऱ्या राखणदाराचा दगड होता ना, ज्याला तू येता-जाता हात जोडायचास? पुलाच्या कामात तो दगड मातीखाली गेला. लोक तेव्हा कुरकुरले, मग विसरले, म्हणजे विसरले असं मला वाटलं होतं. वळणावर कोणी पडलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, राखणदाराची जागा मोडली, आणखी काय होणार. आणि आता बरोबर त्याच जागी कोणीतरी आठ फुटी उभा, डोक्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा, पायाशी उजेड, आणि तोंड नाही. आपल्याकडे राखणदार आणखी कसा असतो? खाली कोणाचं नाव नाही. आणि पायाशी विडी. विडी कोणी ठेवली हे कोणालाच माहीत नव्हतं. बाबा, आयुष्यभर राखणदाराला हात जोडलेस आणि शेवटी त्याच्याच जागेवर जाऊन बसलास. तुला ऐकून काय वाटेल कोण जाणे. बहुतेक लाजशील आणि विडीचा जोरात झुरका घेशील.

माझं हसू फार दिवस टिकलं नाही. चतुर्थीच्या सुमारास एक मुलगा भर पावसात स्कूटरसकट घसरला, कट्ट्याला आपटला आणि अंगावर ओरखडाही न येता उठला. झालं. मग काय, हार, नारळ, तेलाच्या पणत्या, कोणी कपाळाच्या जागी शेंदूर लावायला शिडी घेऊन आला, त्याला मात्र बाकीच्यांनी आवरलं. मी संध्याकाळी तुझ्याजवळ जाऊन बसायचे, ती माझी जागा गेली. कट्ट्यावर कायम कोणी ना कोणी. एकदा मी नुसती उभी होते तर एक बाई म्हणाली, "आवय, वायंच बाजूक जावा, माका मागूचां आसा." मी बाजूला झाले. तुझ्याकडे मागायचं होतं तिला. मी तिथून घरी येईपर्यंत रडत आले, आणि रडताना रागही येत होता, की जिवंतपणी तू घरात बसला नाहीस, सगळा वेळ गावाच्या शेतांना दिलास, आणि आता भिंतीवर तरी वाट्याला आला होतास तर तिथेही गाव आलाच.

शेजारची मुलगी तर हबकूनच गेली. ऑक्टोबरात एका सकाळी ती आली आणि सोप्यावर बसून नखांतला रंग उकरत राहिली. तिच्या चित्रावर काजळी धरली होती, तेलाचे ओघळ लावणीच्या बायकांपर्यंत गेले होते. "मावशी, मी देव काढूंक नाय. मी माणूस काढलो," ती म्हणाली. कोणी तिथे घुमटी बांधायचं म्हणतंय, मंडळातले निम्मे त्यांच्या बाजूने. येत्या रविवारी चार वाजता पुलावर सगळे जमणार आहेत. "तुमी येयात आनी सांगात, हो माजो बापूय, आमचो मानशेकार. मी सोमवारीच परांची बांधतंय. तोंड रंगयतंय, सकयल नांव घालतंय. एकाचां नांव घातल्यार घातलां, बगूया कोण कितें म्हणता तां. फक्त माका दोळे सांगात." मग उठता उठता म्हणाली, "आठयले तर."

ते चार दिवस माझे बरे गेले नाहीत. शनिवारी दुपारी मी कुळीथ निवडत बसले होते. दारातून ऊन आलं होतं, सुपातले कुळीथ मी हाताने पसरत होते, आणि एकदम तू समोर आलास. पाठमोरा नाही, समोरून. चुलीवर पेज उकळते आहे, आई माहेरी गेली आहे, आणि तू पाटावर बसून मडक्यात डोकावतो आहेस, ऊत येतो का ते पाहायला. मी म्हणते, "बाबा, ही खाडी न्हय," आणि तू वर पाहतोस. डोळे कुळथाच्या रंगाचे, लहान, डावा थोडा मिटलेला, पाण्यावरच्या उन्हाकडे पाहून-पाहून तसाच राहून गेलेला. आणि हसतो आहेस. माझ्याकडे बघून. मी सूप बाजूला ठेवलं आणि तशीच बसले. सांगता येईल, अगदी रंगासकट सांगता येईल. पदर खोचून शेजारी जायला निघालेही, आणि उंबऱ्यावर थांबले. म्हटलं उद्याच सांगते, सगळ्यांसमोर.

त्या रात्री तू मला खाऱ्या पाण्याची चव दाखवलीस तो दिवस आठवत राहिला. मी नऊ-दहा वर्षांची, तू तापाने फणफणलेला, आणि तू मला बांधावर बसवलंस, की पाणी चिऱ्यावरच्या खुणेला लागलं की हाक मार. मी खेकड्यांच्या मागे गेले. तू उठून आलास तेव्हा पाणी फळीवरून आत गेलं होतं. तू मारलं नाहीस. माझं बोट धरून खालच्या कुणग्यात, भाताच्या त्या तुकड्यात नेलंस, ओंजळीत पाणी घेतलंस आणि म्हणालास, "चाख." मी चाखलं. "आतां तीन वर्सां हंय भात जावचां नाय," एवढंच बोललास. दुसऱ्या दिवशी कुणग्याचा मालक आरडाओरडा करत आला तेव्हा मी दाराआड होते. तू त्याला सांगितलंस, की माझीच डुलकी लागली. गावभर तुझी नाचक्की झाली, आणि तू खरं काय ते मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाहीस. म्हणजे खोटं बोलायलाही तुला येत होतं.

रविवारी चारला मी गेले. पन्नासेक माणसं असतील, मंडळाची मुलं, बायका, म्हातारा दुकानदार आपली खुर्ची घेऊन. शेजारच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, की सांगते. इतक्यात गर्दीतून एक बाई पुढे आली, बेळगावकडची, पलीकडे हॉटेलाचं बांधकाम चाललंय तिथे विटा वाहणारी. तिच्या हातात नारळ होता. तिला बैठक वगैरे काही ठाऊक नव्हतं, तिला वाटलं देवासाठीच सगळे जमलेत. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून मलाच म्हणाली, "अक्का, हितं गाऱ्हाणं कोण घालतंय वो? आमचं मालक माडीवरनं पडल्यात. मोठ्या दवाखान्यात हाईत, कंबरेचं हाड मोडलंय. मला तुमच्या देवाचं बोलायला येत न्हाई."

गाऱ्हाणं घालणारा शेवटचा म्हातारा मागच्या वर्षी गेला, आणि मंडळाच्या मुलांना मोबाइलवरून नाचाची गाणी लावता येतात, गाऱ्हाणं येत नाही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा दुकानदार खुर्चीतूनच म्हणाला, "तू घाल गो. तुका येता." मी म्हटलं, "बायका खंय घालतत?" तो म्हणाला, "घालपी उरलो कोण आतां? तुज्या बापायन घाललेलां आयकलंस मूं लहानपणापासून? घाल." म्हणजे तो सगळं ओळखून होता. विडी विकत घेतली त्या दिवसापासून.

ऐकलं होतं खरं. दर वर्षी भात घरात आलं की तू बांधावर रोट ठेवून उभा राहायचास आणि घरात चार शब्द न बोलणारा माणूस तिथे अर्धा तास बोलायचास. एकेक घर घ्यायचास, अमक्याची म्हैस अडली आहे ती सुटू दे, तमक्याची सून आजारी आहे तिला उठव. मागे आम्ही पाच-सहा माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. मी कान देऊन ऐकत असायचे, की आता आपलं घर येईल. ते कधी आलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, गाऱ्हाणं घालणाऱ्याने आपल्या घरचं मागायचं नसतं. मला ते पटलं नव्हतं. मला वाटायचं, तुला आमची आठवणच येत नाही.

त्या बाईचा नारळ मी हातात घेतला आणि तुझ्यासमोर उभी राहिले. "बा राखणदारा म्हाराजा," मी म्हटलं आणि मागून कोणी तरी अडखळत 'व्हय म्हाराजा' म्हणालं. "आज ही परगांवची लेक तुज्या पायांकडे इल्या. तिचो घोव कामार पडान आंथरुणार आसा. तेका उठय, बशय, आपल्या पायांनी घराक हाड." व्हय म्हाराजा. आता पुष्कळ आवाज होते. "ह्या पुलावयल्यान दिसरात पोरां धांवतत. तेंका अक्कल नाय, पूण तेंची आवय घराक वाट बगता. तेंका सांबाळ." व्हय म्हाराजा. इथे थांबायला हवं होतं. नारळ फोडायचा आणि मग वळून सांगायचं, असं मी मनात ठरवलं होतं. पण तोंड थांबेना. "आनी जो कोण सांजवेळार दिवो लावन दारात एकटो बसता, जेच्या दारात कोण येना, जेचां कोण आयकणा नाय, तेच्या घराकडेन पण एक फेरो मार, म्हाराजा. तेका इसरां नको." पन्नास माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा." ती बेळगावची बाईही म्हणाली, मोठ्याने.

तुझ्याकडे मी पहिल्यांदाच काही मागितलं, बाबा, सबंध आयुष्यात. जिवंत होतास तोवर साधं 'मागे वळून बघ' एवढंसुद्धा म्हटलं नाही.

दुकानदाराने नारळ फोडला. मंडळातल्या एकाने विचारलं, "मावशी, तुमी कितेंतरी सांगतली म्हणून ही म्हणताली?" शेजारची मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझ्या जिभेवर होतं, कुळथाच्या रंगाचे. मी म्हटलं, "घुमटी नको बांधूं. वळणार अडचण जातली. पणटी भिंतीपासून लांब ठेवा, काजळी धरता. आनी चित्राक कोणी हात लावू नका, आसा तशां ऱ्हांव दी." ती मुलगी ब्रश धुवायला निघून गेली, ब्रश वापरलेलेही नव्हते. तिचं वाईट वाटतं. ती अजून मला भेटली की हसते, पण चहाला थांबत नाही. तुझ्यातला माणूस काढायला आली होती, आणि मी तिला तुझं तोंड दिलं नाही.

हे पत्र तुझ्या पायाशी कट्ट्यावर ठेवावं असं मनात येऊन गेलं. पण तिथे ठेवलेलं सगळं आता लोक उचलून, वाचून, फोटो काढून बघतात, आणि मग सगळंच बाहेर येईल. टपालात टाकायला पत्ता नाही. म्हणजे ते कपाटातच राहणार, फोटोच्या पाकिटात.

गावात म्हणतात, मावशीने लोकांची श्रद्धा जपली. दुकानदार तर मला एकटीला गाठून म्हणतो, बापाला गावाला देऊन टाकलं, केवढं मन. तसं काही नाही, बाबा, निदान तुला तरी खरं सांगते. त्या रविवारपासून लोक मला गाऱ्हाणं घालायला बोलवायला येतात. आधी घरी येतात, सोप्यावर बसतात, काय झालंय ते सांगतात, त्यांच्या मुलाची परीक्षा, सासूची साखर, जहाजावरच्या नवऱ्याचा न आलेला फोन. मी चहा ठेवते. परवा ती बेळगावची बाई नवऱ्याला घेऊन आली, काठी टेकत चालत होता, आणि दोघं माझ्याकडे जेवून गेली. मी भात जास्त लावायला लागले आहे. भिंतीवरचा तो माझा बाप आहे, कुळथाच्या डोळ्यांचा, भरती-ओहोटी राखणारा साधा माणूस, असं सांगितलं तर उद्यापासून यातलं कोणी येणार नाही, आणि मला ते आता सोसणार नाही. तेवढ्यासाठी मी तुला देव राहू दिलं. रागावला असशील तर रागाव, पण अजून थोडे दिवस, माझे आहेत तेवढे, असाच तोंड झाकून उभा राहा.